जहराच्या पुलापाशी

२ ऑगस्ट १९९०. पाण्याचा टँकर कुवेतमधल्या जहरा गावाच्या वाटेवर होता. गाडी तौफीक चालवत होता, शेजारी त्याचा मेव्हणा साबीर. दोघेही रत्नागिरीचे. तौफीक बारा वर्षांनी मोठा, त्यात बहिणीचा नवरा, म्हणून साबीर त्याला कधी उलटून बोलत नसे.

पुलाअलीकडे कुवेती रणगाडे उभे होते. एक अधिकारी धावत आला आणि अरबीत ओरडला, "इराकी येतायत! उतरा, पळा!"

"दुल्हाभाई, उतरा."

"टँकर असा रस्त्यात सोडू? मालकाने, त्या कफीलने काय बजावलंय, ठाऊक नाय तुला?"

"लढाई लागलीय इथे! कफील कुठला घेऊन बसलात?"

"उद्या त्याला तोंड कोण देणार? मीच ना?"

साबीरने कपाळावर हात मारला. एवढ्यात शेजारच्या रणगाड्याने तोफ डागली. टँकरची काच फुटून दोघांच्या मांडीवर आली. साबीरने दार उघडून थेट रस्त्याकडेच्या खड्ड्यात उडी घेतली. पलीकडच्या हमरस्त्यावर इराकी गाड्यांची लांबच लांब रांग होती, गोळा तिच्यावर पडून धूर निघाला. मग दोन कुवेती विमानं डोक्यावरून खाली झेपावली आणि त्या रांगेवर बॉम्ब टाकून गेली. जमीन हादरली.

तौफीक स्टिअरिंग धरून तसाच बसलेला.

"दुल्हाभाई! या खाली!" साबीर घसा फोडून ओरडत होता. एकदा, दोनदा, पाचदा. हा माणूस मान वळवून बघेल तर शपथ! इराकी गोळेही आता जवळ पडू लागले. एक तुकडा टाकीत घुसला आणि पाण्याची धार रस्त्यावर लागली. शेवटी साबीर रांगत गेला, कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर ओरडला, "बहिरे झालात काय? माझ्या बहिणीला विधवा करताव?"

तौफीक त्याच्या ओठांकडे पाहत राहिला. डाव्या कानातून रक्त मानेवर आलं होतं.

"मोठ्याने बोल रे," तो म्हणाला. "मघापासून काहीच ऐकू येत नाय."

साबीरने त्याला ओढत खड्ड्यात नेलं. तासाभराने तोफा जरा थांबल्या, तेव्हा तो तौफीकचा हात धरून निघाला. वाटेत एका पिकअपवाल्याने दोघांना रिग्गईत, घरापर्यंत आणलं.

साबीरची बहीण बिल्कीस दारातच रडत उभी होती. नवऱ्याला तिने शंभर प्रश्न विचारले. तो नुसता हसून मान डोलवत होता. मग साबीर मध्ये पडला आणि सगळं सांगायला बसला.