गॅस बंद, पाणी चालू

मार्क्वेल टिब्ज घरं विकत घेत नसे, पण त्याच्या पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं. पाटी म्हणे, 'आम्ही रोखीने घरं घेतो.' आम्ही म्हणजे एकटा मार्क्वेल, आणि रोख दुसऱ्याची. घरमालकाशी करार करायचा, तो करारच चढ्या भावाने खऱ्या गिऱ्हाइकाला विकायचा आणि मधला फरक खिशात घालायचा, असा त्याचा धंदा. यात बेकायदेशीर काही नाही. क्लीव्हलंडच्या आमच्या पूर्व भागात दर खांबाला अशी एक पाटी आहे. खांब वाकलेत, पाट्या ताठ आहेत.

शेजारच्या लुव्हर्न पेटवेने त्याला बोलावलं ते गुडघ्यांमुळे. तिला जिने चढवेनात. वृद्धांच्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवली होती. घराचे पैसे आले की अनामत भरायची आणि जायचं, इतकंच तिला हवं होतं.

"क्लोझिंगच्या दिवसापासून, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर होईल त्या दिवसापासून, गॅस बंद करायला सांगून ठेवा, मिस लुव्हर्न," मार्क्वेल म्हणाला. "नव्या मालकाचं बिल तुम्ही का भरायचं?"

तिला भरून आलं. आजवर तिच्या बिलाची काळजी फक्त बिल पाठवणाऱ्यांनीच केली होती.

ठरल्या दिवशी गॅस बंद झाला. क्लोझिंग झालं नाही. गिऱ्हाईक फीनिक्समध्ये, आणि त्याचे पैसे कुठल्याशा दुसऱ्या घरात अडकलेले. मार्क्वेल रताळ्याचा 'पाय', म्हणजे गोड सारणाची भाजलेली जाड पोळी, आणि मुदतवाढीचा कागद घेऊन आला. तारीख पुढे गेली की विकणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, गोड खायला घालायचं, हे तो हॉटेलातल्या एका शिबिरात फी भरून शिकला होता.

"मग गॅस परत चालू करून घेऊ का, बाळा?"

"चार दिवसांसाठी कशाला? पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. घर तर तुम्ही आवरून रिकामंच केलंय."

तिने सही केली आणि आमच्या सोफ्यावर झोपायला आली. चार दिवसांनी पुन्हा 'पाय', पुन्हा कागद. माझी बायको ओपल म्हणाली, "हा पोरगा अजून दोनदा आला तर लुव्हर्नला साखरेचा आजार घेऊनच घर सोडावं लागेल."

मग सरोवरावरून वारा सुटला आणि पारा शून्याच्या पार खाली गेला. गॅस बंद म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी बंद, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी चालूच आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नळ गोठले, फुटले, आणि स्वयंपाकघराचं छत जमिनीवर आलं.

मार्क्वेलने इमानदारीने फोटो काढून फीनिक्सला पाठवले. पैसे तिथे ताबडतोब सुटले. भाव मात्र निम्म्यावर आला. ताबा देईपर्यंत घराची जबाबदारी विकणाऱ्याची, असं करारात होतं, आणि करार मार्क्वेलनेच लिहिला होता.

"नको असेल तर सोडून द्या," तो म्हणाला. "मी जबरदस्ती करणार नाही."

"छत नसलेल्या घरात जाऊन राहू म्हणतोस?"

"तसं नाही, मिस लुव्हर्न."

"तुझा वाटा किती कमी झाला, बाळा?"

मार्क्वेलने टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, पुन्हा घातली. "माझा आकडा आधीच ठरलेला असतो."

"त्याच्या नळातलं पाणी गोठत नाही," ओपल आतून म्हणाली.

लुव्हर्नने सही केली. मग तिने आमच्याच फोनवरून वृद्धांच्या इमारतीत फोन लावला. महिना सरून गेला होता. खोली कुणा दुसऱ्या गुडघ्यांना मिळाली होती. चौथ्या मजल्यावर एक रिकामी आहे, म्हणाले. लिफ्ट बहुतेक वेळा चालते. अनामत तेवढीच.

तिचा फोन संपेपर्यंत मार्क्वेल अदबीने थांबला. नंतर त्याने क्लोझिंगचा फोटो मागितला. किल्ली हातात धरून जरा हसा, म्हणाला, बाकीच्या लोकांचा विश्वास बसतो.

लुव्हर्न हसली. ती रविवारी चर्चच्या दारात उभी राहून लोकांचं स्वागत करते. समोर कोणीही असो, हसायचं, ही तिची रीत.

फोटो छान आला. तो आता त्याच्या नव्या पाटीवर आहे.