एचा डेरिव्हेटिव्ह

घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात उत्तरा कर्णिक बारावी सायन्सला मॅथ्स शिकवायच्या. शिकवणं चोख, पण जीभ तिखट. चौऱ्याऐंशी सालच्या युनिट टेस्टचे पेपर परत देताना त्यांनी प्रेमा तांबेला उभं केलं. प्रेमा भांडुपची, मराठी शाळेतून आलेली. संपात गिरणीतली नोकरी सुटल्यापासून वडील कुठेतरी वॉचमन होते. वर्गात ती स्वतःहून कधी तोंड उघडायची नाही.

"एचा डेरिव्हेटिव्ह काढलास? अगं, ए कॉन्स्टंट असतो, त्याचं शून्यच होतं! एवढंही कळत नाही तर सायन्सला आलीस कशाला?"

वर्ग खो खो हसला.

"मॅडम, पण प्रश्नात..."

"प्रश्नावर ढकलू नकोस. बस खाली."

प्रेमा बसली. पेपरची घडी घालून तिने वहीत सारली.

दुपारी स्टाफरूममध्ये डबा खाताना, पेपर काढणाऱ्या चंद्रप्रकाश सरांनी विचारलं, "माझा तो शेवटचा पर्यायी प्रश्न कुणी सोडवला का हो? मुद्दाम अक्षरं बदलली होती. पोरं नुसतं अक्षर बघून कॉन्स्टंट ठरवतात, प्रश्न वाचतच नाहीत."

उत्तराबाईंचा हातातला घास हातातच राहिला. प्रश्नपत्रिका काढून त्यांनी पहिल्यांदाच तो प्रश्न नीट वाचला. 'ए गुणिले टी बरोबर के. के स्थिर आहे. ए हा टीनुसार बदलतो. डीए बाय डीटी काढा.' प्रेमाचा पेपर त्यांना आठवला; तिने नेमकं तेच केलं होतं. ए गुणिले टीला गुणाकाराचा नियमसुद्धा लावला होता, आणि शून्य केलं होतं ते फक्त केचं. त्यावर त्यांनी लाल पेनाने उभी रेघ मारली होती.

"एकीने सोडवला," त्या म्हणाल्या.

"बरोबर?"

"बरोबर."

पुढचं त्यांच्याने सांगवलं नाही.

कॉलेज सुटल्यावर त्यांनी प्रेमाला जिन्यापाशी गाठलं. "तुझं उत्तर बरोबर होतं. पाच मार्क वाढवलेत मी."

"थँक्यू मॅडम." पण ती हलेना.

"अजून काही?"

"वर्गातल्या कुंदा आणि त्या सगळ्या मला कॉन्स्टंट म्हणून हाक मारायला लागल्यात. त्यांना मार्क वाढलेले कसे कळणार?"

उत्तराबाईंनी आजूबाजूला पाहिलं. जिन्यापाशी कुणी नसतं, म्हणून तर त्यांनी ही जागा निवडली होती.

दुसऱ्या दिवशी हजेरी न घेताच त्यांनी फळ्यावर तो प्रश्न लिहिला. "काल प्रेमा बरोबर होती. मी प्रश्न न वाचता शून्य दिलं, आणि वर नको ते बोलले. चूक माझी."

मागच्या बाकांवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. रोजच्यासारखं त्यांनी दटावलं नाही.

"प्रेमा, येतेस फळ्यावर सोडवायला?"

"नको मॅडम."

मग त्यांनीच सोडवलं. प्रत्येक अक्षरापाशी थांबून त्या विचारत होत्या, "हा बदलतो का? कशावरून?" वर्ग उत्तरं देत होता. प्रेमाने मात्र मान वर केली नाही.

बोर्डात तिला मॅथ्सला ब्याण्णव मिळाले. पेढे घेऊन ती स्टाफरूममध्ये आली. चंद्रप्रकाश सरांशी दोन शब्द बोलली, मग उत्तराबाईंपुढे पुडा धरला. 'मला माहीतच होतं, तू चमकणार' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले आणि त्यांनी ते गिळले. खाली मान घालून त्यांनी पेढा घेतला.