पारूबायची पुडी

पारूबायला कुणी म्हटलं की तुझा माणसावर विश्वासच नाही, तर ती हसायची. विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालंय, म्हणायची. मोखाड्याच्या बाजारात सुकट विकण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला माणसं दोनच तऱ्हेची ठाऊक. एक मापात पाप करणारी, आणि दुसरी करताना सापडलेली.

करोनाची दुसरी लाट आली आणि बाजार पुन्हा बंद झाला. सुकटीची टोपली आढ्याला टांगली गेली. तळाचा भुगा तेवढा उरला होता, तो घरात कालवणाला ठेवलेला. बाजार बंद करता येतो हो, पोट कसं बंद करायचं? नाशिककडं द्राक्षबागांत उन्हाळ्यात खरड छाटणी असते. तिथला एक बागवाला मालक दरवर्षी पारूबायचीच टोळी घ्यायचा. बागेतच राहायचं, काम उरकायचं आणि मिळालेल्या पैशांवर अख्खा पावसाळा काढायचा, ही पाड्यातल्या घरांची रीत. ते काम गेलं तर पुढं नुसता अंधार.

आणि यंदा ते जायची भीती होतीच. शेजारच्या पाड्यातली टोळी नुकतीच अशी गेली, तर बागेच्या फाटकातच एक बाई खोकली. झालं! तिथल्या मालकानं फाटक लावून घेतलं. एकीच्या खोकल्यापायी जीपभर माणसं उपाशी माघारी आली. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात, आणि इथं तर तोंड दुसऱ्याचं पोळलं होतं तरी पारूबाय फुंकायला लागली. तिनं टोळीत सांगून टाकलं, ज्याला बरं नाही त्यानं घरी बसायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पारूबायला त्या डोलावण्याचा अर्थ बरोब्बर कळला. कोण बसणार घरी? बसून चूल पेटते का? अंगात ताप असला तरी गोळी गिळायची, तोंडावर पाणी मारायचं आणि उभं राहायचं, हे काय तिला माहीत नव्हतं? जन्मभर तिनं तेच केलेलं.

मग तिनं एक युक्ती काढली. आशाताई सांगून गेली होती की या आजारात नाकाचा वास जातो. ताप गोळीनं लपतो, खोकला लवंगेनं दबतो, पण नाकाचं काय करशील? पारूबायनं सुनेला, हर्षालीला, सांगितलं, धुतलेल्या फडक्यात चुलीतली राख बांधून ठेव. राखेला कसला आलाय वास! ज्याचं नाक शाबूत तो म्हणणार, कसलाच वास नाही. पण ज्याचं नाक गेलंय तो घाबरणार, अंदाजानं काहीतरी ठोकून देणार. आणि पारूबायच्या हातातली पुडी म्हटल्यावर सुकटीशिवाय दुसरं नाव कोण घेणार? म्हणजे जो म्हणेल "सुकट", तो आजारी. चोर आपल्याच तोंडानं सापडणार. आपल्या डोक्यावर ती इतकी खूश झाली की सकाळी निघताना चहा पाण्यासारखा लागला, तर त्यावरून हर्षालीला दोनच शब्द बोलली.

कोनाड्यातली पुडी घेतली, गाठोडं उचललं आणि कमलेशच्या जीपमध्ये पुढं बसली. दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं. मोह वेचायला वाकून वाकून झालं असेल, म्हणून तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

फाट्यावर गंगी उभी होती. ही टोळीत नवीन. मूळची वांगणीची, नवरा भिवंडीला हमालीला गेला तो तिकडंच अडकलेला. दोन पोरी इथं बहिणीकडं ठेवून ती कामाला निघाली होती. पारूबायचा पहिला संशय हिच्यावरच. वांगणीकडं माणसं तापानं पडलीत, असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं, ते काही आता आठवत नव्हतं, पण संशयाला साक्षीदार कशाला लागतो?

तिनं गंगीला जीपच्या मागं घेतलं आणि पुडी पुढं धरली. "हुंग."

"काय हाय?"

"हुंग म्हटलं ना. वास येतो?"

गंगीनं तोंडावरचा पदर बाजूला केला, हुंगलं आणि नाक मुरडून हसली. "तर काय! सुकट. लांबूनच आला की."

सापडली! पारूबायच्या जिवाला कसं गार वाटलं. आपण म्हटलं तेच निघालं की माणसाला वाईट बातमीचाही आनंद होतो. "घरी जा गंगे," ती म्हणाली. "तुझं नाक गेलंय. यात राख हाय."

"राख?" गंगी बघतच राहिली. "बाय, मी काय लहान हाय? सुकट हाय ती. खोल बघू."

"माझ्या घरात बांधलेली पुडी, आणि तू मला सांगतेस?"

"बरं, माझ्या अंगाला हात लाव. ताप हाय का बघ."

"गोळी घेतली असशील."

गंगीचा चेहरा उतरला. तिनं पारूबायचा हात धरायला हात पुढं केला, तर पारूबाय दोन पावलं मागं सरली. "बाय, असं नको करू," गंगी म्हणाली. "पोरींना ठेवून घ्यायला बहीण तयार नव्हती. महिन्याचं धान्य आणून टाकते, असं बोलून आलेय. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

पारूबायला वाईट वाटलं. नाही कसं वाटणार, तिलाही पोटी पोर होतं. पण एकीसाठी सगळ्यांच्या तोंडचा घास घालवायचा? "नियम म्हणजे नियम," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरावं लागलं असतं.

पुढच्या पाड्यावर बाकीची टोळी थांबलेली होती. अर्जुन सगळ्यांत पुढं. हा बारावी झालेला पोरगा, छाटणीत हात चांगला, बोलण्यात त्याहून चांगला. पारूबायनं पुडी धरली. त्यानं हुंगलं. "सुकट, मावशी. का? विकायला काढलीस काय?"

पारूबायनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हाही?

मग सोनी आली, कडेवर अंगावर पिणारं पोर. "सुकट." तिच्यामागचा म्हातारा म्हणाला, "सुकट, आणि जुनी हाय." त्याच्यामागची तरुण जोडी, दोघंही, सुकट. एकानं तरी म्हणावं की वास येत नाही! एकजण नाही. पारूबायला कळेना, अख्खी टोळी आजारी? सगळेच्या सगळे? की कुणी पढवून ठेवलंय?

तसं मनात आलं मात्र, आणि पाल चुकचुकली. अर्जुन! टोळी आपल्या हातात यावी म्हणून तो कधीचा टपलाय. गंगीला फाट्यावर ठेवल्याचं यांना फोनवर कळलं असणार. आता हा सगळ्यांना एकच उत्तर पढवतो, मी कुणाकुणाला उतरवणार? उतरवलं तर टोळी मोडली, नाही उतरवलं तर नियम मोडला. दोन्हीकडून माझीच फजिती. वा रे पठ्ठ्या!

"बसा," ती कोरडेपणानं म्हणाली. दुसरं करणार काय? माणसंच उतरवली तर बागेत छाटणी कोण करणार, ती एकटी? नियम होता तो फाट्यावर गंगीपाशीच राहिला.

जीप निघाली. कमलेशनं आपल्या बाजूची काच खाली केली. "मावशी, ती पुडी मागं ठेव ना. वासानं डोकं उठलं."

हा पण सामील! पारूबायनं पुडी आणखी घट्ट धरली. आरशातून ती मागं बघत राहिली. अर्जुन फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होता, तोंडापुढं हात धरून. मालकाशीच बोलत असणार. पारू म्हातारी झाली, टोळी मी आणतो, हेच सांगत असणार. सोनीचं पोर शिंकलं तशा सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या, आणि सोनी घाईघाईनं म्हणाली, "धूळ गेली नाकात." जीपमध्ये सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधलेली, उघडे फक्त डोळे, आणि ते डोळे एकमेकांवर पहारा करत बसलेले.

खोडाळ्याच्या अलीकडं पारूबायचा फोन वाजला. हर्षाली होती. तिचा आवाज मोठा, आणि फोनचा त्याहून मोठा. सगळ्या जीपला ऐकू गेलं.

"आई, सुकटीचा भुगा घेऊन गेलीस काय? राखेची पुडी इथंच हाय कोनाड्यात. आता पोराला कालवण कशाचं करू?"

मागची माणसं पुढं वाकली.

पारूबायनं पुडीची गाठ सोडली. आत तांबूस भुगा होता, मध्ये सुकटीची बारीक डोकी. तिनं पुडी नाकाशी नेली. मग नाक पुडीत खुपसलं. जोरात श्वास ओढला, इतका की भुग्याचा कण नाकात जाऊन ठसका लागला.

काही नाही. जिच्या हाताला, लुगड्याला, केसांना वर्षानुवर्षं हाच वास होता, तिला त्यातला कणभर लागला नाही. सकाळचा चहा पाण्यासारखा लागला तो का, ते आता तिला कळलं, आणि हर्षालीला उगाच बोलले तेही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कमलेशनं जीप बाजूला घेतली. सोनी पोराला छातीशी धरून आधी खाली उतरली आणि लांब जाऊन उभी राहिली. "ही आजारी हाय," ती ओरडली. "हिचाच नियम हाय ना? मग हिला उतरवा! गंगीला फाट्यावर टाकल्याचं सांगितलं कमलेशनं. तेव्हा काय दया आली होती हिला?"

पारूबाय उतरली. तिला भीती वाटली, खरीखुरी. आजाराची कमी आणि घरी परत जाण्याची जास्त. घरी जाऊन करायचं काय? एका खोलीत सून, नातू आणि ती. तिथं बसून त्यांनाच आजार द्यायचा, आणि वर खायला घालायला काही नाही. आणि टोळी? ती तर आता अर्जुनची झाली. "जा," ती त्याला म्हणाली. "घेऊन जा सगळ्यांना. तेच पाहिजे होतं ना तुला? मघाशी मालकाशीच बोलत होतास ना?"

अर्जुननं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "हो, मालकाशीच बोललो," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? सगळ्यांना हुंगवत सुटलीस, मला वाटलं आज काही तू आम्हाला बागेपर्यंत नेत नाहीस. म्हणून विचारलं, मी टोळी आणली तर घेशील काय. तो म्हणाला, पारू पुढं दिसली तरच फाटक उघडीन. या दिवसांत अनोळखी माणसाला मी दारात उभं करत नाही."

लांब उभी राहिलेली सोनी चार पावलं जवळ आली.

"म्हणून सांगतो," अर्जुन म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला, म्हाताऱ्या बैलाला समजवावं तसा. "तू आजारी नाय, मावशी. तुला आजारी पडून चालायचं नाय. ती राखच होती. काय रे, राखच होती ना?"

तो म्हातारा सगळ्यांत आधी बोलला. "राखच. मला कुठं काय वास आला?"

"मला पण नाय," ती तरुण जोडी म्हणाली. दोघांनी जमिनीकडं बघत म्हटलं.

सगळे सोनीकडं बघू लागले. सोनीनं पोराचं तोंड पदराखाली घेतलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. "मी मागं बसेन," ती शेवटी म्हणाली. "एकदम मागं."

पारूबायला हसावं की रडावं कळेना. सकाळपासून ती एका खोट्याला शोधत होती, आणि खरं बोललेल्या या सगळ्यांना आता तिनंच खोटं बोलायला लावलं होतं. "मग गंगीला घेऊ," ती म्हणाली. "ती नाय तर मी नाय. उतरवा नाय तर न्या."

"इतकं मागं?" कमलेश वैतागला. "डिझेल काय तुझा मालक घालणार?"

"माझ्या पैशातून कापून घे," पारूबाय म्हणाली. कमलेशनं कपाळावर हात मारला आणि जीप फिरवली.

गंगी फाट्यावरच होती. बहिणीकडं जायचं धाडस झालं नसावं. गाठोड्यावर बसलेली, जीप दिसताच उठली आणि पुढं यायचं की नाही या विचारात तिथंच उभी राहिली.

पारूबाय पुढची जागा म्हाताऱ्याला देऊन मागं, मधल्या बाकावर येऊन बसली होती. रिकामी जागा तेवढी एकच उरली होती, तिच्या शेजारची. तिनं दार उघडलं. वाटेत तिनं ठरवलं होतं की काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. पण गंगीचे सुजलेले डोळे बघून ते जमेना.

"गंगे, सुकटच होती ती," ती म्हणाली. "तू बरी हायस. आजारी मी हाय. माझ्याशेजारी बसावं लागेल. बघ, तुझं तू."

गंगी बघत राहिली. आधी पारूबायकडं, मग तिच्या शेजारच्या त्या हातभर जागेकडं, मग मागं, बहिणीच्या घराकडं जाणाऱ्या पायवाटेकडं. जीपमधल्या कुणी तिला ये म्हटलं नाही की नको म्हटलं नाही.

तिनं पदर नाकावरून घट्ट गुंडाळला आणि गाठोडं आत टाकलं.

"सरक," ती म्हणाली. "आणि बाय, मालकाच्या फाटकात खोकू नको."