विषय कुणाचा?

"पुढच्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र घ्यायचं. ठरलं!" जेवता जेवता बाबांनी निकाल लावून टाकला.

"मला भूगोल हवाय," लवंगी म्हणाली. मिरचीसारख्या तिखट स्वभावामुळेच घरात तिला हे नाव पडलं होतं. शाळेमागचा नाला दर पावसाळ्यात वस्तीत का शिरतो, हे शोधायचं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"भूगोल? हुशार मुलं भूगोल घेतात का? साहेबांचा मुलगा भौतिकशास्त्र घेतोय. ऑफिसात मी काय तोंड दाखवू?"

"मग त्यालाच दत्तक घ्या!"

"जीभ आवर!" आई ओरडली.

जेवायला आलेली आत्या हसली. ती दातांची डॉक्टर. "दादा, परवा एका मुलाला विचारलं, कुठला दात दुखतो? उत्तर त्याची आईच देत होती. तेही चुकीच्या दाताचं! दुखणं ज्याचं, त्यालाच विचारावं ना?"

"दात आणि आयुष्य एकच का गं?"

"नाही ना! दात गेला तर बाकीचे उरतात. आयुष्याचं काय?"

बाबा ताट सरकवून उठले.

दुसऱ्या दिवशी शाळेत विद्यार्थी-पालकांची सभा होती. पर्यवेक्षिका म्हणाल्या, "हुशार विद्यार्थ्यांनी भूगोल घेऊन स्वतःला वाया घालवू नये."

लवंगी ताडकन उभी राहिली. "मित्रांनो, आवडतो म्हणून विषय कुणी घेतलाय? हात वर करा!"

जेमतेम दोन हात वर झाले.

"मैत्रिणीनं घेतला म्हणून? मार्क पडतात म्हणून?" बरेच हात वर आले. "घरच्यांनी सांगितलं म्हणून?"

हातांचं रानच उगवलं! त्यात साहेबांच्या मुलाचाही हात होता. मान खाली, हात वर. साहेबांशेजारी बसलेल्या बाबांना ते बघवेना.

"खाली बस!" पर्यवेक्षिका कडाडल्या.

"बसते. पण भूगोल घेऊनच बसते!"

बाबा उठले. आता पोरीची धडगत नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

"बाई," बाबा म्हणाले, "हिच्या नावापुढे भूगोल लिहा. पालक म्हणून सही मी करतो."

"अहो, लोक काय म्हणतील?" साहेब कुजबुजले.

"म्हणू द्या, साहेब! वर्गात लोक बसणार नाहीत, माझी मुलगी बसणार आहे. तुम्हीही एकदा मुलाला विचारून बघा की!"

मायबाप हो, मुलांना सल्ला जरूर द्या, चार वाटा दाखवा. पण आपली हौस आणि शेजाऱ्यांची भीती त्यांच्या दप्तरात कोंबू नका. अभ्यास ज्यानं करायचा, निवड त्याचीच!