बेटावरचा पहिला पाय

धोंडूबाईला समुद्र बघायचा होता, आणि त्याचं कारण तिच्या शेतात होतं. तिचं भाताचं खाचर गावाच्या अगदी खालच्या अंगाला, पाताळगंगा नदीला लागून. वरच्या सगळ्या खाचरांचं पाणी एकेक बांध उतरत तिच्याकडे यायचं आणि तिच्या बांधावरून नदीत पडायचं. नवी नवरी असताना तिने नवऱ्याला विचारलं होतं, "ह्ये पानी जातं तरी कुठं?"

"दर्याला," सखा म्हणाला होता.

"दर्या कसा असतो?"

"दावीन एकदा."

सख्याने बऱ्याच गोष्टी दाखवीन म्हणून सांगितलं होतं. मुंबई, सर्कस, जेजुरी. यातलं काहीच न दाखवता तो तापाने गेला. धोंडूबाईच्या कपाळावरचं कुंकू गेलं, हातातल्या बांगड्या गेल्या, आणि गावातल्या प्रत्येक शुभ कामात तिची जागा मागच्या भिंतीला लागून ठरली. तिने त्याची तक्रार कधी केली नाही. आवणीला, म्हणजे चिखलात भाताची रोपं लावताना, मात्र बायकांच्या रांगेत ती सगळ्यांच्या पुढे असायची, कारण चिखलाला कुंकू लागत नाही. दर पावसाळ्यात बांधावरून पाणी नदीत पडताना बघितलं की तिला वाटायचं, आपण एवढं पाणी देतो, ते कुणाच्या घरी जातं ते एकदा बघून तरी यावं.

गाव खालापूरच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून भांडतात. तेव्हा गावात वीज आली नव्हती. वर खोपोलीला वीज करून झाली की तेच पाणी गावावरून वाहत जायचं आणि गाव कंदील पुसत बसायचं. पण गावाला खरी अडचण विजेची नव्हती, मानाची होती. आबाजीचं घर म्हणजे थोरलं घर आणि लडकूचं म्हणजे वरलं घर. गाव वसवणारा मूळपुरुष आपलाच, असं दोन्ही घरांचं म्हणणं. होळीचा पहिला नारळ कुणी द्यायचा यावर दरवर्षी एवढी हुज्जत चालायची की होळी पेटेपर्यंत पोरं झोपून जायची. लग्नात पहिली पंगत अडायची. एकदा तर मयताला पहिला खांदा कुणाचा यावरून भांडण झालं, आणि ज्याला पोचवायचं तो बिचारा उन्हात वाट बघत पडला.

त्या साली माघात भाताची झोडणी उरकली. गावचा गजा ट्रक चालवायचा आणि अलिबागच्या अंगाला पेंढा नेऊन टाकायचा. एका संध्याकाळी तो पारावर म्हणाला, "एक दिस पेंढा ऱ्हाऊ दे, मानसं भरून नेतो. तिकडं माज्या वळखीचा तांडेल हाय. त्याच्या मचव्यातनं बेटावर जाऊ, सांजच्याला परत."

गाव हो म्हणालं. धोंडूबाईने त्या रात्री भाकऱ्यांसाठी तांदूळ दळायला काढले आणि दर्याच्या विचारात अर्धं पीठ जात्याबाहेर सांडलं.

कोंबडं आरवायच्या आधी ट्रक सुटला. पेंढ्याचा वास, भाकऱ्यांच्या टोपल्या, वालाच्या बिरड्याची हंडी, आणि पुढे, ट्रकच्या केबिनला टेकून, आबाजी आणि लडकू. दोघांनी पांढरी धोतरं नेसली होती आणि दोघांच्याही मांडीवर एकेक सोललेला नारळ होता. दोन नारळ म्हणजे भांडण, हे धोंडूबाईने ओळखलं, पण बोलायची तिची जागा नव्हती.

बंदरावर पाणी काठोकाठ होतं. धोंडूबाई मचव्यात बसली आणि किनारा मागे सरू लागला, तशी ती मान वळवून वळवून बघू लागली. तिने आयुष्यात पाहिलेलं सगळं पाणी दोन काठांमधलं होतं. याला दुसरा काठच नव्हता. आबाजीची सून मैना मात्र तिचा दंड घट्ट धरून डोळे मिटून बसली होती.

"काकी, संपलं का गं पानी?"

"नाय गं. संपायचं नाय ते. डोलं उगड नि बग."

बेट जवळ आलं. सुरूची झाडं, केवड्याचं बन, आणि त्याच्यापुढे पिवळी, स्वच्छ, कुणाचंही पाऊल नसलेली वाळू. तांडेलाने मचवा वाळूपासून हाकेच्या अंतरावर आणला, फळी टाकली आणि सांगितलं, "पानी कमरेभर हाय. बिगी बिगी उतरा. व्हटी लागली, पानी उतरतंय."

आबाजी उठला. त्याच वेळी लडकू उठला.

"दर्याला पयला नारळ थोरल्या घराचा," आबाजी म्हणाला.

"कुनी सांगितलं? गाव वसवलं वरल्या घरानं. बेटावर पयला पाय आमचा."

त्या बेटावर बघायला चिटपाखरूही नव्हतं, पण मानाला प्रेक्षक लागतातच असं नाही. दोघे फळीच्या तोंडाशी एकमेकांना अडवून उभे राहिले. आबाजीने पणजोबा काढला, लडकूने पणजोबाचा बाप काढला. थोरल्या घराची माणसं डाव्या बाजूला सरकली, वरल्या घराची उजव्या, आणि मचवा बिचारा मध्ये डुलत राहिला. तांडेल पुन्हा म्हणाला, "बाबांनो, पानी चाललंय."

"जाऊ दे," आबाजी म्हणाला. "कुनी बंद केल्याबिगर पानी कुटं जातंय?"

यात आबाजीची चूक नव्हती. गावाची नदी आपल्या मनाने चढत-उतरत नसे. वीजघरातून पाणी सोडलं की चढायची, बंद केलं की उतरायची, आणि दोन्हीच्या वेळा गावाला पाठ होत्या. समुद्र रोज आपला आपण उठून जातो आणि परत येतो, हे कुणी सांगितलं असतं तरी त्यांना थट्टा वाटली असती. त्यामुळे भांडण सवयीप्रमाणे निवांत चाललं. मध्ये दोघांनी तंबाखू खाल्ली आणि पुन्हा सुरू केलं.

मग मचवा एका कुशीवर कलला. बायका किंचाळल्या, बिरड्याची हंडी घरंगळता घरंगळता वाचली. सगळ्यांनी खाली पाहिलं, तर पाणी नव्हतंच. मघाशी निळं दिसत होतं तिथे वाळूपर्यंत काळाशार गाळ चकाकत होता आणि मचवा त्यात रुतून बसला होता.

लडकू थक्क होऊन बघत राहिला. "कुटल्या पावरहौसनं बंद केलं रं?" त्याने गजाला विचारलं.

तांडेलाने कपाळाला हात लावला. "आता पानी येईल ते तिसऱ्या प्रहरानंतर. आलं की मला लगेच मचवा फिरवाया लागंल, उजेडात बंदर गाठायचं हाय. तवर बसा हितंच. पानी व्हतं तवा अंग उचलून धरलं असतं, आता गाळात कुनी उतरू नका, मांडीपत जाल."

म्हणजे दिवस संपला होता. कलत्या मचव्यात बसून भाकरी खायची आणि समोरची वाळू डोळ्यांनी बघून परत जायचं. आबाजी म्हणाला, हे लडकूमुळे झालं. लडकू म्हणाला, आबाजीमुळे. कोण खरं हे ठरवायला आता त्यांच्याकडे भरपूर वेळ होता.

धोंडूबाई वाळूकडे बघत होती. वाळू हाकेच्या अंतरावर होती. आयुष्यभर ती मागे उभी राहिली होती, आणि पुढची माणसं जातील मग आपण जाऊ, या हिशेबात तिचं कधी काही बिघडलं नव्हतं, कारण तिला कुठे जायचंच नव्हतं. आज जायचं होतं. तिला राग आला. एवढा राग तिला सखा गेला तेव्हा देवाचाही आला नव्हता.

तिने लुगड्याचा काचा वर खोचला आणि मचव्याच्या कलत्या बाजूने पाय खाली सोडला.

"काकी, तुमी नका जाऊ पयल्या," मैना कुजबुजली. "बोल लागंल. वरीसभर कायबी झालं तरी तुमच्यावर यील."

"यीना. आजपत काय चुकलंय का?"

तिचा चवडा गाळात गेला. आधी घोटा, मग पोटरी, आणि मग तळाला घट्ट जमीन लागली. धोंडूबाई हसली. खारा वास सोडला तर हा तिच्याच खाचरातला चिखल होता. गाळात टाच आधी टाकली की माणूस रुततं, चवडा तिरका टाकायचा आणि एका जागी उभं राहायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती आवणीला चालते तशी चालू लागली. कंबर किंचित वाकलेली, हात मोकळे, पाऊल पडतंय तोच दुसरं उचललेलं. दोन्ही पणजोबा विसरले गेले होते.

मग ती वाळूवर चढली. मागे वळून तिने आपलं पाऊल बघितलं. काळ्या गाळाने भरलेलं एकच पाऊल, पिवळ्या वाळूवर. आजूबाजूला दुसरं कुणाचं नाही.

"या गं," तिने हाक मारली. "आपलाच चिखल हाय. रांग धरा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि काचे खोचले. जिजा उतरली, ती लडकूची बायको. तिच्यामागे डोळे उघडून मैना. थोरल्या घराच्या, वरल्या घराच्या, सगळ्या एका रांगेत. डोक्यावर भाकऱ्यांच्या टोपल्या आणि बिरड्याची हंडी. अर्ध्यावर आल्यावर कुणीतरी आवणीचं गाणं सुरू केलं आणि ऐन माघात, समुद्राच्या पोटात, सगळ्यांनी ते उचललं. एकीचाही पाय रुतला नाही.

पुरुषांना मग बसवेना. गजा आणि इतर कसेबसे धडपडत पोचले. शेवटी उरले ते दोघे मानकरी. दोघांनी एकाच वेळी खाली उडी मारली, टाचेवर, कारण कितीतरी वर्षांत त्यांनी स्वतः चिखलात पाय घातला नव्हता; गडी घालायचे. दोघेही मांडीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पांढरी धोतरं गाळावर पसरली. दोघांनी नारळ तेवढे वर धरले होते.

वाळूवर आधी हसू फुटलं, पण ते टिकलं नाही, कारण हलावं तसतसे ते अजून खाली जात होते. धोंडूबाई परत गाळात उतरली. दोघांच्या मध्ये जाऊन तिने दोन्ही हात पुढे केले.

"नारळ टाका, भावजी. हात द्या."

आबाजीने लडकूकडे पाहिलं. लडकूने आबाजीकडे.

"आदी त्यानं टाकू दे," आबाजी म्हणाला.

"मंग ऱ्हावा हितंच," धोंडूबाई म्हणाली. "मला दर्या बगायचाय." आणि ती खरंच वळली.

दोन नारळ एकदम गाळात पडले.

तिने एका हाताला एक असे दोघांना ओढून आणलं. वाळूवर दोघांचे पाय एकाच वेळी पडले, गुडघ्यावर पडले म्हणजे. पुढे कोण हे ठरवता आलं नाही, कारण दोघांच्याही पुढे ती होती.

त्या दिवशी गावाने बेट नुसतं लुटलं. केवड्याच्या सावलीत बिरडं आणि भाकरी खाल्ली. बायकांनी ओच्यात शिंपले भरले, खेकड्यांच्या मागे धावल्या, फेर धरून नाचल्या, सासरा बघतोय म्हणून कुणी थांबलं नाही. धोंडूबाई बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेली, जिथे गाळ नव्हता, नुसता समुद्र होता. लाट तिच्या पायावर आली. तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"एवडी वर्सं ग्वाड पानी धाडतेय मी," ती समुद्राला म्हणाली, "आनि तू असा?"

मग ती वाळूवर बसली आणि पोटभर रडली. सख्यासाठी रडली, पण ते थोडंच. बाकीचं रडणं आनंदाचं होतं, आणि ते आवरायचं तिच्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या प्रहरानंतर पाणी परतलं. मचवा सरळ झाला, सगळे पाण्यातून जाऊन त्यात चढले, आणि गाळातले दोन नारळ वर तरंगून आले. हेलकावे खात ते शेजारी शेजारी निघाले, कधी हा पुढे, कधी तो. आबाजी आणि लडकू मचव्याच्या काठाला उभे राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होते. तांडेल म्हणाला, "दर्यानं मानून घेतले."

ट्रक वेशीवर आला तेव्हा जेवणवेळ झाली होती. देवाहून किंवा लांबच्या वाटेवरून आलेल्यांच्या पायावर पाणी घालून, भाकरतुकडा ओवाळून गावात घ्यायची तिथे रीत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या कंदील आणि तांबे घेऊन उभ्या होत्या. अर्थात दोन घोळक्यांत. आबाजीच्या म्हाताऱ्या आईने तांबा उचलला आणि विचारलं, "आबाजी, दर्याला पयला नारळ कुनाचा? बेटावर पयला पाय कुनाचा?"

दुसऱ्या घोळक्यातल्या लडकूच्या चुलतीचाही तांबा तयार होता. सगळं गाव थांबलं. धोंडूबाई सवयीने ट्रकच्या मागे, अंधाराच्या बाजूला सरकली होती.

आबाजीने घसा साफ केला. "नारळाचं काय इचारू नको, आये. पाय पयला धोंडूवैनीचा."

म्हातारीचा तांबा हवेतच राहिला. तिने आशेने लडकूकडे पाहिलं, की तो तरी हे खोडून काढील. आजवर आबाजीचं एकही बोलणं त्याने खोडल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"धोंडूवैनीचाच," लडकू म्हणाला.

मैनाने काकीला दंडाला धरून पुढे आणलं. धोंडूबाई नको नको म्हणत होती. तिच्या पायावर आजवर कुणी पाणी घातलं नव्हतं. म्हाताऱ्या काही हलेनात. मग जिजाने चुलतसासूच्या हातातून तांबा घेतला, मैनाने आजेसासूच्या, आणि दोघींनी एकदमच पाणी ओतलं, एकीने डाव्या पायावर, एकीने उजव्या. पोटरीवर वाळून बसलेला काळा गाळ सुटला. पाणी रस्त्यावरून उताराला लागलं, कंदिलाच्या उजेडात जरा चमकलं आणि खालच्या खाचराकडे निघालं. धोंडूबाई त्याच्याकडे बघत उभी राहिली. ते पुढे कुठे जाणार, हे आता तिला कुणाला विचारायचं नव्हतं.