माफीसाठी उसना आवाज

साथीच्या दिवसांत सरकार आमच्या घरी राहत होतं. ओट्यापाशी उभं राहून कांदा चिरायचं, आणि ज्या आवाजात साऱ्या शहराला 'घराबाहेर पडू नका' असं बजावायचं, अगदी त्याच आवाजात मला सांगायचं, "कांदे संपलेत, जाऊन घेऊन या." बाहेर पडावं की पडू नये, अशी माझी रोज पंचाईत व्हायची.

हे सरकार म्हणजे माझी बायको. ती आवाजाचं काम करते. बँकेला फोन लावल्यावर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणून तुम्हाला ताटकळत ठेवणारी बाई तीच. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारीही तीच. साथ आली तेव्हा आरोग्य खात्याला असा आवाज हवा होता, की तो ऐकून लोक घाबरणार नाहीत, पण ऐकतील मात्र. माझ्याकडे कुणी चौकशी केली नाही, नाहीतर इतक्या वर्षांच्या संसाराच्या अनुभवावरून मी लेखी दाखला दिला असता.

स्टुडिओ बंद होते, म्हणून ती कपड्यांच्या कपाटात शिरून ध्वनिमुद्रण करायची. लोकरी कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. आत ती, तिचा माइक आणि माझे दोन जुने कोट. बाहेर मी, पंखा बंद करून, घामाघूम होऊन, शिंक दाबून बसलेलो. 'घरातल्या वृद्धांची काळजी घ्या' हे एक वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. दर वेळी बाहेर येऊन म्हणायची, "छे, हुकूम सोडल्यासारखं वाटतंय. सांगितल्यासारखं वाटायला हवं." पुन्हा कपाटात. मला कधी कुणी इतक्या प्रेमानं काही सांगितल्याचं आठवत नाही.

मग ते ध्वनिमुद्रण भोंगे लावलेल्या गाड्यांतून गल्लोगल्ली फिरू लागलं. तोंडाला मास्क असल्यानं त्या काळात सख्खा भाऊ पक्क्या वैऱ्याला ओळखत नव्हता. ओळखू यायची ती फक्त माझी बायको, तीही तोंड उघडल्यावर. औषधांच्या दुकानात तिनं "डोकेदुखीची एक पट्टी द्या" एवढं म्हटलं, तर मागची रांग आपोआप दोन दोन पावलं मागे सरकली. पोलिसानं एकदा तिला चक्क सलाम ठोकला. लोक तिला सरकारबाई म्हणू लागले आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडत होतं.

त्याच दिवसांत माझ्या सासूबाई गेल्या. साथीनं नव्हे, वयानं. पण नियम सगळ्यांना सारखा होता. अंत्यविधीला दहाच माणसं. सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला हिच्या दादाकडे असायच्या. आम्हाला प्रवासाचा परवाना मिळेपर्यंत उशीर झाला, आणि स्मशानात पोहोचलो तेव्हा दहा माणसं आत गेलेली होती. दादा, आणि ज्या शेजाऱ्यांनी त्यांना खांदा दिला ते. शेजाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दादा फाटकापाशी आला. हा माझा मेहुणा म्हणजे रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबणारा माणूस. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, पण साधी खडूची कांडी कधी घरी आणली नाही. फाटकाच्या खांबावर भोंगा होता, आणि त्यातून माझ्या बायकोचा आवाज येत होता. 'कृपया दहापेक्षा अधिक व्यक्तींनी आत प्रवेश करू नये. आपलं दुःख आम्ही समजू शकतो.' ही फाटकाच्या बाहेर, दादा आत, आणि दोघांच्या डोक्यावर हीच.

"दादा, दोन मिनिटं," ती म्हणाली. "नुसतं तोंड बघते."

दादानं भोंग्याकडे पाहिलं. "तूच सांगतेयस ना, छोटे?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. दादाला टोमणे जमत नाहीत. मग तो वळून आत गेला.

आम्ही बाहेरच उभे राहिलो. ती रडली नाही. घरी आल्यावर कपाटात जाऊन बसली, आणि त्या दिवशी माइक आत नव्हता.

यानंतर आठवड्याभरानं तो व्हिडिओ आला. आरोग्यमंत्र्यांच्या चिरंजीवांचा साखरपुडा, त्यांच्याच बंगल्याच्या हिरवळीवर. झाडांना दिवे, टेबलांवर फुलं, पाहुणे शेकड्यांनी, आणि मास्क फक्त वाढप्यांच्या तोंडाला. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' हे काही आपल्याला नवीन नाही. नेहमीप्रमाणे दोन दिवस आरडाओरडा होऊन सगळं थंडावलंही असतं. पण त्या व्हिडिओत ऐन नाचगाण्यात कुंपणाबाहेरून भोंग्याची गाडी जाते. माझी बायको तळमळून सांगते, 'गर्दी टाळा. आपल्या माणसांसाठी घरातच थांबा.' एक क्षण सगळे थबकतात. मग एक पाहुणा तिची नक्कल करतो, सगळे खो खो हसतात, आणि मंत्रीसाहेब हातातला पेला उंचावून कुंपणाच्या दिशेनं म्हणतात, "तुमच्या आरोग्यासाठी!"

शहर पेटलं. पेटलं ते बरोबरच होतं. ज्यांनी काचेआडून बाप पाहिला, ज्यांची लग्नं मोडली, ज्यांची दुकानं बसली, त्या सगळ्यांच्या कानात तो पेल्याचा किणकिणाट घुसला. मंत्र्यांच्या बंगल्यावर मोर्चा निघाला. पण बंगल्याला पोलिसांचा पहारा होता. भोंग्याच्या गाड्यांना नव्हता. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. एका गाडीचा भोंगा फोडला, दुसरीवर टोमॅटो मारले. पोरांनी तिच्या वाक्यांवर गाणी रचून फोनला लावली. 'घरातच थांबा' आणि पुढे एक शब्द, जो मी इथे लिहीत नाही.

बायको बाहेर मुकी झाली. भाजीवाल्याकडे एकदाच चुकून "कोथिंबीर ताजी आहे का?" म्हणाली, तर तो म्हणाला, "का, साखरपुडा आहे वाटतं आज?" आणि जुडी परत टोपलीत ठेवली. तेव्हापासून ती बोटानं दाखवायची आणि मी बोलायचो. संसारात पहिल्यांदाच बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मला एकही वाक्य धड सुचत नव्हतं.

पण भाजीवाल्याचं तिला फारसं लागलं नव्हतं. लागलं होतं ते दादाचं. आई गेल्यावर दोघं रोज फोनवर बोलत. कोरडंच, जेवलीस का, जेवलास का, एवढंच, पण बोलत. व्हिडिओ आला त्या दिवसापासून दादानं फोन उचलणं बंद केलं. वाजून वाजून थांबायचा. ती म्हणायची, "त्याला माझा आवाजच नको झालाय. चूक नाही त्याची." आई गेली होती, माहेर म्हणून एवढा एक भाऊ उरला होता, आणि तोही गप्प. मला मंत्र्याचा इतका संताप आला, की मी टीव्हीवर चप्पल फेकली. टीव्ही आमचाच होता.

मग एके सकाळी मंत्र्यांच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज मधाळ. साहेबांना जनतेची माफी मागायची आहे, मजकूर तयार आहे, गाड्यांवरून उद्यापासून ऐकवायचा आहे. फक्त साहेबांच्या आवाजात सध्या तो ऐकवणं योग्य ठरणार नाही.

"का?" मी विचारलं.

"लोक ऐकत नाहीत हो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "शिव्याच देतात. वहिनींचा आवाज कसा, घरचा वाटतो."

मी नाही म्हणणार होतो. पण ही म्हणाली, "येते म्हणून सांगा." का, ते सांगितलं नाही.

स्टुडिओ नुकताच उघडला होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांना सगळे कानसेन म्हणतात. टाचणी पडली तर ती कुठल्या कंपनीची हे सांगतील असा माणूस. अधिकारी तरुण होता, मजकुराचा कागद छातीशी धरून बसला होता. "थोडा पश्चात्ताप हवा," त्यानं सांगितलं. "पण फार नको. फार झाला तर राजीनामा मागतात."

ही आत गेली. कानांवर हेडफोन चढवला, पाणी प्यायली, आणि तिनं वाचलं. मजकूर अगदी भिकार होता; काही प्रसंग, काही गैरसमज, सर्वांच्या सहकार्याची अपेक्षा. पण तिनं तो वाचला, आणि काय सांगू! वाटलं, कुणीतरी रात्रभर जागून, डोळे सुजवून, दाराशी येऊन उभं आहे, आणि त्याला आत घ्यावं. त्या माणसाला पेला उंचावताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी माझा राग ओसरायला लागला. अधिकाऱ्यानं तर चष्मा काढून डोळे पुसले. एरवी कुणाचं कौतुक न करणारे कानसेनही पुटपुटले, "बास. एका दमात झालं."

तिनं ते परत ऐकवायला सांगितलं. काचेपलीकडे डोळे मिटून ऐकलं. मग बाहेर आली आणि म्हणाली, "काका, पुसून टाका."

"अहो वहिनी, उत्तम झालंय!" अधिकारी उठूनच उभा राहिला.

"म्हणूनच. हे ऐकून लोक माफ करतील."

"मग तेच तर हवंय ना!"

"माझा दादा आहे," ती म्हणाली. "साधा माणूस आहे. माझं सगळं ऐकत आलाय. हे ऐकलं तर तोही माफ करेल. त्यानं करू नये. आणि करायचंच असलं, तर ज्यानं केलं त्याच्या तोंडून ऐकून करू दे."

अधिकाऱ्यानं दुप्पट मानधन सांगितलं, मग सरकारी कामं कायमची बंद होतील हेही सांगितलं. ही पर्स शोधत होती. तेवढ्यात कानसेनांनी माझ्याकडे पाहिलं, कळ दाबली आणि म्हणाले, "गेलं. चुकून हात लागला." त्यांचा हात आजवर कधी चुकून कशाला लागल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

शेवटी साहेबांनाच बोलावं लागलं. आठवडा उलटायच्या आत गाड्या फिरल्या, आणि भोंग्यातून मंत्र्यांचा जाड, घोगरा आवाज आला. मजकूर तोच. पण दर वाक्याला असं वाटायचं, की पाठीमागून कुणीतरी त्यांना ढोसतंय. गंमत म्हणजे लोकांचा विश्वासच बसेना. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका छातीठोकपणे म्हणाले, "हे सरकार नाहीच. सरकारचा आवाज बाईचा आहे. कुणीतरी थट्टा करतंय." एका वस्तीत तर खोटी घोषणा करतो म्हणून गाडीच्या चालकाला पोलिसांच्या ताब्यात दिलं. राग काही शमला नाही. साहेबांचं खातं गेलं. आता ते दुसरं खातं सांभाळतात, आणि तिथेही म्हणे छान रुळलेत.

गाड्या फिरल्या त्याच संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर दादाचं नाव. हिनं माझ्याकडे पाहिलं, फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला, आणि बोलली मात्र काहीच नाही. तिला भीती वाटत होती, की आवाज ऐकला की तो ठेवून देईल.

"छोटे," दादा म्हणाला. "आहेस ना?"

तिनं मान हलवली. मीच म्हणालो, "आहे, आहे. ऐकतेय."

"आमच्याकडे गाडी आली होती. खिडकीत उभा होतो. म्हटलं, तुझा आवाज असेल. नव्हता."

"नाही दिला," ही म्हणाली.

पलीकडे दादानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला तुझा राग आला नव्हता गं," दादा म्हणाला. "तुझा फोन आला, की माझा हातच पुढे जायचा नाही. त्या दिवशी शेजारचे आजोबा मला आत म्हणाले होते, मी बाहेर थांबतो, लेकीला येऊ दे. मी म्हटलं, नको, एकदा आत आलेल्याची अदलाबदल करता येत नाही, तसं लिहिलंय. त्यांनी दोनदा विचारलं, छोटे. मी दोनदा नाही म्हटलं." त्याचा आवाज फुटला. "मला वाटलं, सगळेच पाळतायत."

ती फोनच्या अगदी जवळ वाकली.

"मलाही तसंच वाटायचं, दादा," ती म्हणाली. "नाहीतर इतक्या मनापासून सांगितलं असतं का मी?"