भागूचा हप्ता

नारायणगावच्या हॉलमध्ये विमा कंपनीची नव्या आर्थिक वर्षाची, एप्रिलातली मीटिंग रंगात आली होती. शाखेचे सुदर्शन साहेब पडद्यावर चढत्या रेघा दाखवत होते. पोरं पुण्याला निघून चालली, म्हातारपणाला आता पेन्शनचाच आधार, म्हणजे पुढची दहा वर्षं आपलीच, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या पडल्या. महाळुंगे पडवळचा संपत, या धंद्यात तेवीस वर्षं मुरलेला एजंट, तेवढा मान खाली घालून बसला होता. त्याचा जीव एकाच पॉलिसीत अडकला होता.

ती बेल्ह्याच्या भागू मेंढपाळाची. दिवाळीनंतर भागू मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि हप्ता नेमका जानेवारीत यायचा. मग संपत तो आपल्या खिशातून भरायचा. वैशाखात परत आला, की भागू बेल्ह्याच्या बाजारात संपतला गाठून पैसे त्याच्या हातावर ठेवायचा. नऊ वर्षं कागद नाही की सही नाही, सगळा मामला विश्वासाचा.

यंदा साहेबांचं फर्मान निघालं. एजंटाने कुणाचा हप्ता भरायचा नाही, ग्राहकाला मोबाइलवर निरोप जाईल. संपतने दोनदा फोन लावला, पण भागू रेंजमध्ये नव्हता. तिसऱ्यांदा लावायचं राहून गेलं. खोटं कशाला बोला, त्याने लावलाच नाही. नियम साहेबांचा, तर काळजीही साहेबांनीच करावी, असं तो घुश्श्यात म्हणाला होता. उशिरा हप्ता भरायला मिळणारा सवलतीचा महिना संपला आणि नवव्या दिवशी भागू तिकडेच तापाने गेला. मागे बायको ठकूबाई आणि दोन पोरी; कोकणात त्याच्यासोबतच होत्या, आता बेल्ह्याला परतल्या होत्या.

मीटिंग सुटल्यावर संपतने साहेबांना जिन्यात गाठलं.

"साहेब, नऊ वर्षं हप्ते भरलेत हो भागूने."

"मुदतीचा विमा आहे, संपतराव. हप्ता चुकला की संपला, त्यातून काही मिळत नाही. मी काय करणार?" साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनाही वर बघवेना.

संपत तसाच मोटारसायकलवर बेल्ह्याला गेला. ठकूबाईला काय आणि कसं सांगायचं, याची वाक्यं त्याने रस्ताभर जुळवली आणि मोडली. ती दारात कोकरांना पाजत होती. तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि तो तोंड उघडायच्या आत घरातून फडक्यात बांधलेल्या पैशांची एक गाठ आणून त्याच्यापुढे ठेवली.

"भाऊ, तापात बी त्यांचं तेच चाललं व्हतं. म्हनले, संपतभाऊनी आपला हप्ता भरला आसंल. मी न्हाई उठलो तर आदी त्यांचं दिऊन ये, मग पोरींचं बघ."

संपतला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्या त्या भरवशाची त्याहून जास्त भीती वाटली. गाठीला हात लावायचं त्याला धाडस होईना.

ठकूबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग गाठीकडे.

"कमी हायेत का, भाऊ? दोन मेंढरं इकली म्या. यंदा हप्ता वाढला आसंल तर सांगा, आनखी एक इकते."